हिमाची घोंगडी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ज्याच्या सेवेची बहुतेक वर्षे गेली, त्याने हिमाविषयी लिहावयास बसावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या या भूमीवर हिम पडत नाही. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो रुसून बसतो, आणि या दोहोंच्या मध्ये कृष्णाकाठचा ऊस डोलत असतो. आमच्या माणसांना पाण्याची ही दोन रूपे ठाऊक आहेत, अति आणि अल्प. तिसरे रूप, जे आकाशातून निःशब्द उतरते आणि महिनोन् महिने जमिनीवर बसून राहते, ते त्यांनी चित्रपटात पाहिलेले असते.

तरीही दर हिवाळ्यात एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात बातमी येते, की महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी हिमकण दिसले. छायाचित्रात गवताच्या पात्यांवर, मोटारींच्या टपांवर, बोटींच्या धक्क्यावर पांढरा थर दिसतो आणि पर्यटक हरखून जातात. खरे पाहता हे हिम नव्हे. हिम ढगात घडते आणि खाली येते. वेण्णेकाठचा तो थर जमिनीवरच घडलेला असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली दिवसभराची उष्णता आकाशाकडे टाकून देते. गार झालेली हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि तलावाभोवतीच्या खोलगट भागात साचते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून काही फूट उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. त्यात पारा शून्याच्या बराच वर असतानाही गवताचे पाते मात्र शून्याखाली गेलेले असते, आणि त्यावरचे दव गोठते.

पर्यटकांचा तो आनंद शेतकऱ्याला परवडणारा नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आम्ही लिंगमळ्याच्या बाजूस एका शेतकऱ्याच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांपाशी उभे होतो. ऊन वर आले तशी पाने उकडल्यासारखी मलूल झाली. फुलांच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या, परंतु त्यांच्या मधोमध जेथे फळ धरावयाचे, तो पिवळा गाभा काळा पडला होता. पेशींतील पाणी गोठले, की पेशी फाटतात, आणि काळ्या गाभ्याच्या फुलाला फळ येत नाही. शेतकरी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, नुसत्या दवाने ही दशा. तिकडं काश्मिरात शेतावर हातभर बर्फ बसतं म्हणतात. तिथली झाडं जगतात कशी?"

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्हाला पुष्कळ वाचावे लागले, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. थोडक्यात सांगावयाचे तर तेथील झाडे बर्फ असूनही जगतात असे नव्हे, तर पुष्कळदा बर्फ असल्यामुळेच जगतात. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत स्ट्रॉबेरीचे रोप हिवाळाभर निजलेले असते. आमच्याकडे त्याच दिवसांत ते फुललेले असते, हा एक भेद आहेच. परंतु निजलेल्या रोपालाही तेथील शेतकरी काड्याचे पांघरूण घालतात, आणि वर हिम पडले की निश्चिंत होतात. त्यांना भय वाटते ते हिमाविना आलेल्या कडाक्याचे. थंडी मारते ती उघड्यावर.

हे समजण्यासाठी हिमालयात जाण्याची आवश्यकता नाही. म्हसवडच्या बाजारात घोंगडी विकावयास येते, तीच येथे गुरू होते. माणदेशी मेंढपाळ पौषातल्या रात्री उघड्या रानात मेंढरे बसवतो आणि आपण घोंगडी पांघरून शेजारी निजतो. घोंगडीत स्वतःची उष्णता काडीमात्र नसते. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, ती अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच तिचे कार्य. ताज्या हिमाचेही तसेच आहे. त्याचा जवळजवळ नऊ-दशांश भाग हवा असते. बाहेर पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर उतरला, तरी हातभर हिमाखालची जमीन शून्याच्या आसपास राहू शकते. उन्हाळ्यात भूमीने साठवलेली ऊब त्या पांढऱ्या घोंगडीखाली कोंडून राहते. स्तोत्रसंहितेतील १४७ व्या स्तोत्रात हिमाला लोकरीची उपमा दिली आहे. वाचणाऱ्याला प्रथम रंगाचे साम्य जाणवते, परंतु मेंढपाळांच्या देशातल्या त्या कवीची उपमा रंगापेक्षा कितीतरी खोल गेली आहे.

या घोंगडीखाली एक जग नांदत असते. जमिनीच्या उबेमुळे हिमाचा तळचा थर विरतो, त्याची वाफ वर सरकून पुन्हा गोठते, आणि तळाशी खडीसाखरेसारख्या सुट्या स्फटिकांचा एक पोकळ थर उरतो. अलास्कातील कोबुक नदीकाठच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याला 'पुकाक' म्हणतात. विल्यम प्रुइट या प्राणिशास्त्रज्ञाने तो शब्द शास्त्राच्या भाषेत आणला. या पोकळीत गवती उंदीर बोगदे करतात, बी आणि मुळे खातात आणि घरटी बांधून राहतात. वर घुबड कान देऊन बसलेले असते. त्याला खालची खसफस ऐकू येते. कोल्हा मान तिरकी करून अंदाज घेतो आणि उंच उडी मारून तोंडासकट हिमात घुसतो. हिमालयातील पिका, हा सशाचा लहानखुरा भाऊबंद, हिवाळाभर झोपत नाही. तो दगडांच्या फटींत, हिमाच्या आच्छादनाखाली दिवस काढतो. मातीतले सूक्ष्म जीवसुद्धा काम थांबवीत नाहीत. ते पालापाचोळा कुजवीत राहतात आणि वसंतात कोंब फुटतील त्यांची शिदोरी आधीच बांधून ठेवतात.

फॉर्मोझोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये हिमाच्छादन आणि प्राणी यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिला. त्याने प्राण्यांचे तीन वर्ग केले: हिम टाळणारे, हिम सोसणारे आणि हिमाशीच जुळवून घेऊन जगणारे. हिमबिबट्याचे केसाळ, रुंद पंजे त्याला भुसभुशीत हिमावर तोलून धरतात. रानबकऱ्यांना असे पंजे नाहीत, म्हणून ती वाऱ्याने हिम उडवून नेलेल्या कड्यांवर चरावयास जातात. वनस्पतींचेही असेच. उंच पर्वतावरील बुटक्या झुडपांचा जो भाग हिमाखाली राहतो तो तगतो, आणि जी फांदी हिमाच्या वर डोके काढते ती वाऱ्याने वाळून जाते. खोलगट जागी हिम उशिरापर्यंत रेंगाळते, तेथे घाईघाईने फुलणाऱ्या वनस्पती वाढतात. उंचवट्यावर ते टिकत नाही, तेथे काटक जाती धरतात. एकाच उतारावर हातभर अंतराने निराळे रान दिसते, आणि त्याचा आराखडा हिमाने आखलेला असतो. थंडीत आमच्या पूर्व भागातील तलावांवर उतरणारे पट्टकदंब लडाख आणि तिबेटच्या सरोवरांकाठी घरटी करतात. तेथील कुरणे हिमातून मोकळी केव्हा होतात, यावर त्यांचे परतीचे गणित बसलेले असते.

परंतु हिमाचे गुण गाताना त्याचे दुसरे रूप विसरता येत नाही, निदान आम्हाला तरी येत नाही. हा जिल्हा सैनिकांचा आहे. अपशिंग्यासारख्या गावात घराघरांतून लष्करात जाण्याची परंपरा आहे. एका निवृत्त हवालदाराने आम्हाला सांगितले होते, की उंचावरच्या ठाण्यात तंबूच्या कडेने बर्फ दाबून बसवले, की वारा आत शिरत नाही आणि रात्र निभते. घोंगडीचे शास्त्र त्या माणसाने पुस्तकाशिवाय शिकून घेतले होते. परंतु तेच हिम उतारावरून सुटले, की पर्वत कोसळल्यासारखे येते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम ठाण्यावर असे हिम कोसळले आणि मद्रास रेजिमेंटच्या एकोणिसाव्या बटालियनच्या ठाण्यावरचे दहा जण त्याखाली गाडले गेले. त्यांपैकी एक जवान माण तालुक्यातील मस्करवाडीचा होता. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनीही प्राण सोडले.

त्या वर्षीचा उन्हाळा आम्हाला आठवतो. सलग दोन पावसाळे हुकले होते आणि माणदेशात टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लागलेल्या होत्या. एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरकडे पाण्याची रेल्वे निघाली. ज्या तालुक्यात घोटभर पाण्यासाठी माणसे रानोमाळ हिंडत होती, त्याच तालुक्याचा तरुण गोठलेल्या पाण्याच्या ढिगाऱ्याखाली गेला होता. असा योग माणसाला गप्प करतो. हिम दयाळू नाही आणि क्रूरही नाही, हे त्या मौनात आम्हाला उमगले. ते आपल्या नियमाने वागते, आणि त्या नियमाच्या आधाराने काही जीव तरतात, काही जात राहतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर हिमाचे आणखी एक कार्य सांगावयास हवे. हिम हे भिंतीवाचूनचे धरण आहे. हिवाळ्यात पडलेले पाणी ते पर्वतावरच धरून ठेवते आणि उन्हे तापू लागली, की थोडेथोडे सोडते. सिंधूच्या प्रवाहात या वितळलेल्या पाण्याचा वाटा मोठा आहे. गंगेच्या प्रवाहात तो त्या मानाने कमी, तरी पावसापूर्वीच्या कोरड्या दिवसांत मोलाचा. लडाख आणि स्पितीत तर पाऊस जवळजवळ नाहीच. तेथील सातूची पेरणी डोंगरावरून उतरणाऱ्या ओहोळांवर होते.

आमची कृष्णा मात्र हिमाविना जन्मली आहे. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात जिचा उगम सांगतात, ती नदी उन्हाळ्यात कशावर जगते? सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. तो सच्छिद्र असतो. पावसाळ्यात जे पडते त्यातला काही भाग तो पिऊन घेतो, आणि पुढे कित्येक महिने कपारींतील झऱ्यांवाटे सोडत राहतो. हिमालयात जे कार्य हिमाचे, ते येथे जांभ्याचे आणि त्यावरच्या रानाचे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा म्हणून घोषित झाले. तेथील सड्यावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे वीतभर. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते, आणि त्या ओलाव्याच्या आवरणात गेंद, सीतेची आसवे, तेरडा, सोनकी असा फुलांचा मेळा भरतो. वायतुरा नावाची एक वनस्पती तेथे आहे. तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव गुंफलेले आहे. पावसाळा सरला की तिची पाने नाहीशी होतात आणि कंद मात्र तापलेल्या सड्याच्या त्या तुटपुंज्या मातीत पुढच्या पावसापर्यंत जिवंत राहतो. हिमाखालचे बीज आणि जांभ्यावरचा कंद यांची प्रतीक्षा एकाच जातीची. जीव प्रतिकूल ऋतू आच्छादनाखाली काढतो.

हिमालयाचे हिम आणि माणदेशाचा दुष्काळ यांचा संबंध जोडण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्नही आपल्या देशातच झाला. १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. पाऊस हुकणार हे आधी कळेल काय, हा प्रश्न सरकारला पडला, आणि ब्लॅनफर्डनी उत्तरेकडे पाहिले. हिमालयात वसंतापर्यंत हिम अधिक साचले, तर पुढचा पावसाळा दुबळा जातो, असे त्यांनी १८८४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. विचार सरळ होता. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा आठ-दशांशांहून अधिक भाग परतवते, आणि उरलेली उष्णता ते वितळविण्यात खर्ची पडते. म्हणून जमीन तापावयास उशीर होतो. जमीन तापली नाही, तर समुद्रावरचे वारे तिच्याकडे जोराने ओढले जात नाहीत. १८८६ पासून खात्याचे पावसाळ्याचे अंदाज नियमितपणे निघू लागले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबाशी मान्सूनचा संबंध दाखविला, आणि हिम हे अनेक कारणांपैकी एक कारण ठरले. पुण्यात सेमिनरीत शिकत असताना शहरात जाताना आम्हाला 'सिमला ऑफिस' नावाचा बसथांबा लागे. पुण्यात सिमला कोठून आले, याचे उत्तर याच इतिहासात आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, आणि हिमाच्या गावाचे नाव शिवाजीनगरच्या त्या इमारतीला चिकटून राहिले.

आता ही घोंगडी विरत चालली आहे. काठमांडू येथील 'इसिमोड' ही संस्था हिंदुकुश-हिमालयातील हिमाची दर वर्षी मोजदाद करते. २०२५ च्या तिच्या अहवालानुसार त्या हिवाळ्यात जमिनीवर टिकलेले हिम नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते. तेवीस वर्षांतील तो नीचांक होता, आणि नेहमीपेक्षा कमी हिमाचे ते सलग तिसरे वर्ष होते. हिम कमी म्हणजे थंडी कमी, आणि थंडी कमी म्हणजे जिवांना सुख, असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात उलटेही घडते. अमेरिकेतील हबर्ड ब्रूकच्या अरण्यात शास्त्रज्ञांनी हिवाळ्याच्या आरंभी काही भागावरचे हिम फावड्यांनी काढून टाकले आणि जमीन उघडी ठेवली. त्या उघड्या भागात माती अधिक खोलवर गोठली, झाडांची बारीक मुळे मेली, आणि मुळांनी जे नत्र शोषून घ्यावयाचे ते वसंतातल्या पाण्याबरोबर वाहून गेले. जग उबदार होत असताना माती मात्र अधिक गारठते, असा हा विपरीत प्रकार आहे. लिंगमळ्याच्या वाफ्यांवर जे एका रात्रीत होते, तेच तेथे अरण्याच्या मुळाशी होते. हिमावर पाऊस पडणे त्याहून वाईट. २०१३ च्या नोव्हेंबरात रशियाच्या यमाल द्वीपकल्पात हिमावर पाऊस पडला आणि मग सारे गोठले. रेनडिअर एरवी खुराने हिम उकरून खालचे शेवाळ खातात. या वेळी बर्फाचे कवच त्यांना फोडता आले नाही आणि सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. अन्न पायाखाली होते, वितीच्या अंतरावर.

हे सारे दूरचे आहे, आपण काय करणार, असे म्हणून पान उलटणे सोपे आहे. हिमालयावर हिम पाडणे आपल्या हाती नाही, हे खरेच. परंतु या अभ्यासातून एक दृष्टी मिळते ती जवळचीच आहे. कोणत्याही भूमीकडे पाहताना तिच्यावर काय उगवते हे आपण विचारतो. तिला कोणी पांघरूण घातले आहे, हे सहसा विचारीत नाही. सड्यावरचे वाळके गवत निरुपयोगी दिसते, म्हणून त्याला काडी लावली जाते. जांभा नुसता दगड दिसतो, म्हणून तो चिरे पाडून विकला जातो. पांघरूण ओढून घेतले, की खालचा जीव उघडा पडतो. थंडीने किंवा उन्हाने तो केव्हा गेला, हे वरून पाहणाऱ्याला कळतही नाही.

कृष्णाकाठी ऊस तुटून गेला, की फडात पाचटाचा गुडघाभर थर उरतो. वाळवा, पलूस, कराड या भागांतून हिवाळ्याच्या संध्याकाळी जाताना दूरवर आगीचे लोळ दिसतात. खोडवा राखावयाचा म्हणून शेतकरी पाचट पेटवून देतात. एका रात्रीत रान स्वच्छ होते, परंतु त्याबरोबर मातीतले गांडूळ आणि मातीची ओल यांचाही निकाल लागतो. कृषी खात्याचे अधिकारी आणि शेतीशाळांचे प्राध्यापक गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत, की पाचट जाळू नका, सरीत दाबून ठेवा. पाणी कमी लागते, तण दबते, आणि पाचट कुजून खत होते. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी हा प्रयोग अर्ध्या एकरावर करून पाहिला. शेजारीपाजारी हसले, कारण त्यांच्या मते ते रान गबाळे दिसत होते. मार्च महिन्यात त्या घरच्या आजींनी आम्हाला बांधावर नेले. त्यांनी वाकून हाताने पाचट बाजूस सारले आणि आम्हालाही खाली हात घालावयास सांगितले. वर ऊन रणरणत होते. आत माती गार आणि ओली होती, आणि बोटाला एक गांडूळ लागले. आजींनी पाचट पुन्हा जागच्या जागी सारखे केले, जसे निजलेल्या लेकराच्या अंगावरून सरकलेले पांघरूण सारखे करतात. मग त्या पदराला हात पुसत घराकडे निघाल्या. यंदा त्या घरी दोन एकरांवरचे पाचट राखले आहे.